आबांचे चाटू

कापणीच्या रांगेत तिला नेहमी कडेची जागा मिळायची. विळ्याचे दाते उजव्या हाताच्या माणसासाठी घासलेले असतात. तोच विळा डाव्या हातात धरला की कापत नाही, ओरबाडतो, आणि शेजारणीच्या कोपराला कोपर लागतं ते वेगळंच. म्हणून मुकादम रांग लागायच्या आधीच ओरडायचा, "डावरे, तू कडेला हो. सगळं जग एकीकडे आणि तू एकीकडे." गावात तिचं नाव तेच पडलं होतं. खरं नाव माहेरच्यांना ठाऊक होतं, पण माहेर बोलवेल तेव्हा ना.

यंदा कापण्यासारखं फारसं नव्हतंच. पाऊस तोंड दाखवून गेला होता. पीक गुडघ्याच्या वर चढलं नाही, त्यामुळे वाकून कापायचं तर कंबर मोडायची आणि बसून कापायचं तर मांड्या भरून यायच्या. कोरडी धूळ नाकात जाऊन बसायची आणि शिंकलं तर कपाळात कळ उठायची. तिला तिसरा महिना लागला होता. सकाळपासून दोनदा बांधाआड जाऊन ती ओकून आली आणि दोन्ही वेळा म्हणाली, पित्त झालंय. शेजारच्या न्हाव्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. पित्त कुठलं आणि ते कुठलं, हे बायकांना सांगावं लागत नाही.

दुपारी मुकादम बांधावर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "अमावस्येच्या बाजारानंतर चौथ्या दिवशी ट्रक निघेल. लांबच्या फळबागा आहेत. तोडायचं, पेट्या भरायच्या, पेट्या गाडीत चढवायच्या. राहायला पत्रे मिळतील. पण जोडीच पाहिजे. एकट्या गड्याचं नाव मी घेणार नाही. एकटा गडी दोन महिने राहतो आणि तिसऱ्या महिन्यात पळतो, माझे हात पोळलेत."

ती ऐकत होती आणि ओरबाडत होती. मागच्या वर्षी ती गेली होती. पाच महिने पोटात वाढवलेलं पोर तिथे पेट्या चढवता चढवता गेलं. पत्र्याखाली थोडे दिवस पडून राहिली आणि पायांत बळ आलं न आलं तशी पुन्हा पेटीला हात घातला, कारण एक जण पडला की जोडी मोडते आणि दोघांचं काम जातं. या वर्षी तिला जायचं नव्हतं. एवढंच. बाकी कशाबद्दलच तिचं काही म्हणणं नव्हतं.

"तुमचं काय?" मुकादमाने तिच्याकडे बघून विचारलं.

"ह्यांना विचारते," ती म्हणाली.

"विचार. पण उत्तर हो असू दे."

घरी आली तर ओट्यावर आबा बसले होते आणि त्यांच्या भोवती ढलप्यांचा ढीग. आबा म्हणजे तिचे सासरे. जन्मभर त्यांनी बैलगाडी हाकली. गाडीच्या हादऱ्यांनी गुडघे गेले, आणि यंदा चाऱ्यावाचून बैलही गेले. पोराने ते विकले. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा सुरा पाजळून ओट्यावर बसले आणि शिवळा तासायला लागले. शिवळ म्हणजे जुवातून बैलाच्या मानेशेजारी खाली येणारी लाकडी खुंटी. ती झिजते, मोडते, म्हणून गाडीवानाजवळ एखाददुसरी जास्तीची असते. आबांनी बघता बघता टोपलीभर केल्या.

"आबा, बैल नाहीत आणि शिवळा कसल्या करताय?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"हात गप बसत नाहीत गं."

"मग लसूण सोला."

"लसणाला सुरा कशाला लागतो?" आबा म्हणाले आणि पुढची शिवळ हातात घेतली.

मग एक शिवळ फसली. लाकडात गाठ निघाली, आणि आबांनी ती तोडायची सोडून खालचं टोक तसंच रुंद राहू दिलं. त्याच दिवशी तिच्या ढवळायच्या जुन्या लाकडी चाटूचा दांडा चुलीत जळाला. पेज तर शिजत आलेली. तिने हात लांब करून टोपलीतली ती फसलेली शिवळ उचलली आणि पातेल्यात घातली. आबा ओट्यावरून बघत होते. दारातून चूल समोरच दिसायची. सासू होती तोवर या चुलीपाशी तिला डाव्या हाताने काही करायची सोय नव्हती. चिमट्याचा फटका बोटांवर बसायचा. "घरात लक्ष्मी टिकायची आहे की नाही?" सासू गेली, लक्ष्मी आधीपासूनच नव्हती, आणि तिचा चाटू गुपचूप डाव्या हातात परत आला. पण जुनी सवय म्हणून ती दाराकडे पाठ करून बसायची.

दुसऱ्या दिवशी आबांनी त्या शिवळीचं टोक कोरून खोलगट केलं. मग वेगळं लाकूड घेतलं, आणि पुन्हा वेगळं. पहिले काही चाटू वाळताना फटाफट तडकले. मग आबांना कळलं की लाकूड पुरतं ओलंही नको आणि पुरतं वाळलेलंही नको, आणि तासून झालं की भुशात पुरून सावलीत ठेवायचं. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. तडकलेला प्रत्येक चाटू डोळ्यांजवळ धरून ते एवढा वेळ बघत बसायचे की घरात मयत झालंय असं वाटावं. तिला त्याचा राग यायचा. दिवसभर वाकून आलेल्या माणसाला घरी आल्यावर आधी ढलप्या झाडाव्या लागतात तेव्हा कला वगैरे काही दिसत नाही. तडकलेले चाटू ती सरळ चुलीत घालायची. आबा म्हणायचे, "पेटतात छान." तिला मग उगीच स्वतःची लाज वाटायची.

नवऱ्याला लाज वगैरे वाटत नव्हती. तो खडी फोडायला जायचा आणि संध्याकाळी भुवयांपर्यंत पांढरा होऊन यायचा. आबांनी शेजारीपाजारी चाटू वाटले तेव्हा तो म्हणाला, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. आबा, आता गावाची भांडी तुम्हीच ढवळून द्या." न्हाव्याच्या बायकोने चाटू घेतला, आणखी दोघींनी घेतला. सगळ्यांनी तोंडभरून वाखाणला आणि खुंटीला टांगून ठेवला. धर्माची गाय, तिचे दात कोण मोजणार?

हे असंच चाललं असतं. पण कापणी संपता संपता घरातला शेवटचा पितळी हंडा विकायची वेळ आली. तो डोक्यावर घेऊन ती बाजारगावात भांडेवालीकडे गेली. ही भांडेवाली विधवा, आडव्या अंगाची, मोठ्या आवाजाची, आणि तराजूला बोट लावते असं सगळे म्हणायचे. तिने हंडा उलटा केला आणि आतून चाटू खाली पडला. घाईत तो आतच राहिला होता.

"हे काय? वजनाला घातलंस का?" भांडेवाली म्हणाली.

"नाही हो. चुकून राहिलं."

भांडेवालीने तो उचलला. अंगठा सगळीकडून फिरवला. उजेडाकडे धरला. "कुणी केलं?"

"सासऱ्यांनी."

"सुतार आहेत?"

"गाडीवान. बसल्या बसल्या करतात, वेळ जात नाही म्हणून."

"बसल्या बसल्या एवढं? एक कुसळ बोटाला लागत नाही." भांडेवालीने पुन्हा अंगठा फिरवला. "माझ्याकडे येतात ते चाटू दोन धुण्यांत उकलतात. असं कर, अमावस्येच्या बाजाराला टोपलीभर घेऊन ये. माझ्याच पायरीवर बस. हातोहात गेले तर दर बाजाराला मी स्वतः घेत जाईन. पडून राहिले तर मला तोंड दाखवू नकोस."

परतीच्या वाटेवर डोक्यावर हंडा नव्हता म्हणून मान हलकी झाली होती की आणखी कशाने, ते तिला कळलं नाही. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो अंगावरची खडी धूत होता.

"दर बाजाराला माल गेला तर जायचं कशाला?" ती म्हणाली. "तुमची खडी आहे, आबांचे चाटू आहेत. भागेल."

तो बराच वेळ मान धूत राहिला. "मुकादमाला बाजारापर्यंत काही बोलत नाही," मग म्हणाला. "खपले तर राहू. नाही खपले तर तोंड वर करून काही सांगू नकोस. मलाही हौस नाही जायची." त्याने तिच्या पोटाकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. त्याचं सगळं बोलणं असं अर्ध्यावर सुटायचं, पण त्याला कळत होतं.

मग घरात कारखानाच सुरू झाला. पाण्यावाचून वाळत चाललेल्या एका बागेत झाडं तोडत होते, तिथून नवरा फांद्या ओढून आणायचा. आबा पहाटे उजाडलं की सुरा घ्यायचे. आधी कुऱ्हाडीने लाकडाचा फाळका काढायचा, मग सुऱ्याने आकार, मग वाकड्या पात्याने खोलगटपणा. त्यांच्या अंगठ्याला चीर पडली होती. तिच्यात तेल भरून वर चिंधी बांधायचे आणि पुन्हा बसायचे. संध्याकाळी ती कामावरून येऊन वाळूने आणि फुटक्या कौलाने चाटू घासायची, मग तेल चोळायची. घासून घासून बोटांची टोकं एवढी गुळगुळीत झाली की भांडं हातातून निसटायचं. पाय सुजायचे. ती ते भिंतीला वर लावून बसायची आणि घासायची.

आबा कामाच्या बाबतीत भलतेच काटेकोर निघाले. प्रत्येक चाटू तासून झाला की हाक यायची, "सूनबाई, बघ गं जरा."

ती तो चाटू घेऊन पातेल्यात फिरवायची. आबा सुरा खाली ठेवून बघायचे.

"अंगठा कुठे येतो?"

"इथे. जरा रुततं."

मग आबा तिथे एक खोबण काढायचे, अंगठा बसेल एवढी.

"तोंड बुडाला लागतं?"

"एका बाजूने लागतं."

मग ते तोंड तिरकं करून द्यायचे. असे करता करता त्यांना मापच सापडलं. दांड्याला किंचित पीळ, अंगठ्याला खोबण, तोंडाला एक तिरका काप. पातेल्याच्या कडेकोपऱ्यातलं सगळं निघून यायचं. तिने आयुष्यात इतक्या चांगल्या वस्तूला हात लावला नव्हता. ढवळताना मनगट दुखायचं थांबलं तेव्हा तिला कळलं, की इतकी वर्षं ते दुखत होतं.

"बरा आहे," ती म्हणायची. टोपलीत टाकायची. टोपली भरली.

बाजाराच्या दिवशी ती पायरीवर बसली. खाली फडकं, त्यावर चाटू ओळीने मांडलेले. सकाळच्या उन्हात तेल पिऊन ते असे दिसत होते की बघणाऱ्याचा पाय थांबावा, आणि पाय थांबतही होते. पहिलीच बाई खाली बसली. चाटू उचलला, हवेत फिरवला, पुन्हा फिरवला, मनगट जरा वाकडं करून बघितलं आणि ठेवून दिला.

"छान आहे," ती म्हणाली आणि उठली.

दुसरीने तसंच केलं. तिसरीने तीन वेगवेगळे उचलून बघितले. "दिसायला छान आहेत गं, पण हाताला येत नाहीत."

"म्हणजे?" डावरीने विचारलं.

"काय माहीत. चावतात."

दर वेळी तेच. उचलायचं, हवेत फिरवायचं, चेहरा वाकडा करायचा, ठेवायचं. एका खानावळवाल्याने तर पातेलंच मागितलं. भांडेवालीने पातेलं दिलं, त्याने चाटू आत घालून ढवळल्यासारखं केलं, आणि चाटूचं तोंड बुडावर टेकायचं सोडून कोपऱ्यावर उभं राहिलं. "हा ढवळतोय की नाचतोय?" खानावळवाला म्हणाला. आजूबाजूचे हसले. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिने उगीच चाटूंची ओळ सरळ केली. ओळ सरळच होती.

दुपार झाली. उन्हाने पायरी तापली. मग एक लहान मुलगी आईच्या हाताला धरून आली, आणि आई आत भांडी बघेपर्यंत तिने एक चाटू उचलला. उचलला आणि ढवळायला लागली, हवेतल्या हवेत, झरझर, जसं काही तिथे खरंच पातेलं होतं. ती खुदकन हसली. "आई, हा बघ, कसा फिरतो!"

आई बाहेर आली आणि तिने फटकन मुलीच्या हातावर मारलं. "किती वेळा सांगितलं, त्या हाताने धरायचं नाही!" चाटू फडक्यावर पडला. मुलगी रडली नाही. सवयीचं होतं.

डावरी त्या पडलेल्या चाटूकडे बघत राहिली. मग तिने तो उजव्या हातात घेतला. सासूने मारून मुटकून शिकवलेला तिचा उजवा हात, इतकी वर्षं काही न करता बसलेला. अंगठा खोबणीत बसेना. पीळ तळव्यात रुतला. पायरीवर टेकवला तर तोंड कोपऱ्यावर उभं राहिलं. तिने दुसरा घेतला. तिसरा. सगळे तसेच. एकही वेगळा असेल म्हणून तिने अख्खी टोपली हाताळली.

भांडेवाली दारातून बघत होती. ती खाली आली, तिने एक चाटू आधी या हातात आणि मग त्या हातात धरला. "अगं बाई," ती हळू म्हणाली. तिचा हळू आवाज त्या बाजारात कुणी ऐकला नव्हता. "सगळे डाव्या हाताचे आहेत की गं. ढवळून कुणी बघितले होते?"

"मी."

भांडेवालीने कपाळाला हात लावला. हसावं की रागवावं तिला कळेना. "काम सोन्यासारखं आहे. पण सोन्याची सुरी असली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही. उजव्या हाताचे आणा. महिन्याने आणा, दोन महिन्यांनी आणा, मी घेते. हे मात्र घरी ने."

महिन्याने. ट्रक चार दिवसांनी निघणार होता.

वाटेत तिला एका झाडाखाली बसावं लागलं. रडू आलं, ते तिने येऊ दिलं. कामाचं गेलं म्हणून रडू आलं, पोटातल्यासाठी आलं, आणि त्यात आणखी एक काहीतरी होतं ज्याला ती तयार नव्हती. जन्मल्यापासून या हातासाठी तिने फटके खाल्ले, कडेची जागा घेतली, उलटे विळे चालवले. या हाताला बसेल अशी वस्तू जगात कुणी केली नव्हती. आणि केली ती एकदम टोपलीभर, आणि त्यानेच घर बुडालं. हसण्यासारखंच होतं ते, पण हसायला अंगात त्राण लागतं.

आबा ओट्यावर वाट बघत होते. टोपलीचं ओझं त्यांनी तिच्या मानेवरूनच ओळखलं.

"नाही गेले?"

खोटं बोलायचं तिने ठरवलं होतं. बाजार मंदा होता, असं सांगायचं होतं. पण मग आबांना वाटलं असतं की कामच वाईट आहे. तिने टोपली उतरवली आणि सांगून टाकलं. "आबा, सगळे डाव्या हाताचे झालेत. माझ्या हाताचे."

आबांनी चाटू उचलला. स्वतःच्या उजव्या हातात धरून हवेत फिरवून बघितला. इतके चाटू केले, पण हे त्यांनी पहिल्यांदाच केलं. चाटू ठेवला आणि तळवे मांडीवर पालथे घालून बसले.

"मी कुणाला ढवळताना बघितलंच नाही गं," ते म्हणाले. "एक तुला बघितलं. तेवढंच."

"सासूबाईंना बघितलं असेल की."

"मी घरी कुठे होतो? गाडीवर असायचो. आलो की ताट पुढे यायचं." ते थांबले. "ती कुठल्या हाताने ढवळायची तेसुद्धा मला आठवत नाही."

 ती आत गेली आणि तिने चूल पेटवली.

नवरा आला, त्याला कळलं. जेवताना एवढंच म्हणाला, "उद्या मुकादमाला हो म्हणतो."

"म्हणा," ती म्हणाली. तोंड वर करून काही सांगायचं नाही असं ठरलं होतं.

सकाळी नवरा उठला तर आबा ओट्यावर नव्हते. गुडघे धरून, काठी टेकत, भिंतीभिंतीने ते मुकादमाच्या घरी गेले होते. नवरा मागोमाग धावला. डावरी पदर खोचून त्याच्या मागे. पोचले तेव्हा मुकादम अंगणात दात घासत होता आणि आबा त्याच्यासमोर उभे होते.

"सून येणार नाही," आबा सांगत होते. "मी येतो पोराबरोबर."

मुकादमाने चूळ भरली. "म्हातारबा, तुम्हाला ट्रकमध्ये चढवायलाच दोन माणसं लागतील."

"चढल्यावर काय करतो ते बघ. पेट्या ठोकायला माणूस लागतो ना? तिथे तुटक्या पेट्या येतात, मागच्या वर्षी पोरगा सांगत होता. बसून ठोकीन. सकाळपासून अंधार पडेपर्यंत बसतो मी. उठायचं नावच नाही, गुडघे उठू देत नाहीत."

"जोडी म्हणजे नवरा-बायको."

"जोडी म्हणजे चार हात. मोज." आबांनी दोन्ही हात पुढे केले, चिंधी बांधलेल्या अंगठ्यासकट.

नवरा मध्ये पडला. "आबा, चला घरी. लोक काय म्हणतील?"

"मागच्या वर्षी पोर गेलं तेव्हा लोक काय म्हणाले?" आबांनी मागे न बघता विचारलं. नवऱ्याने मान खाली घातली.

मुकादमाने कोंबडीच्या मोडक्या खुराड्याची एक फळी पायाने पुढे सरकवली. "बसवून दाखवा." आबा जमिनीवर बसले, बसायलाच त्यांना वेळ लागला, आणि कमरेचा सुरा काढून फळीचं टोक तासायला लागले. अंगणात पोरंबाळं, मुकादमाची बायको, गडी, सगळे बघत उभे. जन्मभर ज्याच्या गाडीत गावाचं धान्य गेलं तो माणूस दुसऱ्याच्या खुराड्यापुढे परीक्षा देत होता. डावरीला वाटलं, आपणच पुढे व्हावं, म्हणावं, मी येते, उठा. तिचे ओठ उघडलेसुद्धा. मग तिचा हात पोटावर गेला आणि तिने ओठ मिटले. त्या मिटलेल्या ओठांची लाज तिला पुढे फार दिवस पुरली.

फळी बसली. मुकादमाने हलवून बघितली. "दीड माणूस धरीन. दोन नाही."

"दीड धर," आबा म्हणाले. "उठव आता मला."

उरलेल्या दिवसांत आबांनी तिला सुरा शिकवला. तिनेच म्हटलं होतं. भांडेवालीला उजव्या हाताचे हवेत, आबा चालले, मग करणार कोण? शिकवायला आबा समोर बसले आणि तिने डाव्या हातात सुरा धरला. आबा त्यांचा तोच डावा चाटू उजव्या हाताने तासायचे, ती समोरून बघून डाव्या हाताने, की तिचा आपसूक उजवा व्हायचा. काही उलटं करावं लागेना. आरशात बघून भांग पाडावा तसं चाललं. तिला आजवर कुणीही काही शिकवलं की आधी मनात फिरवून घ्यावं लागायचं. इथे पहिल्यांदा जसं दिसलं तसं करता आलं.

"सुरा अंगाकडे ओढू नकोस. आता तुझं पोट मध्ये येईल," आबा म्हणाले.

तिने तासलेला पहिला चाटू उजव्या हातात धरून पातेल्यात फिरवला. ओबडधोबड होता, पण बुडाला टेकला.

"विकण्यासारखा नाही," ती म्हणाली.

"मी केलेले पहिले तुला आठवतात ना? पेटतात छान."

ट्रक सकाळी आला. गाठोडी, पातेली, घोंगड्या, माणसं, सगळं एकावर एक. आबांना खरंच दोघांनी उचललं, एकाने काखेत धरून आणि एकाने पायांना, आणि ते गाठोड्यांच्या मध्ये कसेबसे टेकले. न्हाव्याची बायको डावरीजवळ येऊन उभी राहिली. "रात्रीला मी येत जाईन झोपायला," ती म्हणाली. डावरीने मान हलवली. नवरा ट्रकच्या फळीला धरून उभा होता. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "पाणी जपून..." आणि पुढचं सुटलं.

मुकादम चाकाजवळ उभा राहून जोड्या पुकारायला लागला. त्याच्या तोंडात वर्षानुवर्षं तेच बसलेलं होतं. आधी गडी, मग त्याची बायको. एक जोडी हजर, दुसरी हजर. मग तो ओरडला, "खडीवाला!"

"हजर," नवरा म्हणाला.

"खडीवाल्याची बायको!"

 मुकादमाला चूक कळली, त्याने तोंड उघडलं. पण त्याआधी गाठोड्यांमधून चिंधी बांधलेला हात वर आला.

"हजर," आबा म्हणाले.

अख्खा ट्रक हसला. मुकादम हसला, न्हाव्याची बायको पदर तोंडाला लावून हसली. आबांनी सगळ्यांकडे बघत टॉवेल पदरासारखा डोक्यावरून ओढून घेतला, तशी पोरंसोरं लोळायला लागली. आबासुद्धा हसत होते. त्यांची नजर मात्र खाली उभ्या असलेल्या सुनेवर होती, तीही हसतेय की नाही हे बघत. तिने हसायचा खूप प्रयत्न केला. मुकादमाने हसू आवरलं आणि पुढची जोडी पुकारली.